पंधरा दहा

बोर्गहिलचा फोन आला तेव्हा मी गाढ झोपेत होते.
"चार वाजले. तू आली नाहीस."
बरोबर होतं, चार वाजले होते.
फक्त पहाटेचे.

वार्डोला डिसेंबरभर सूर्य उगवत नाही.
जेवणाच्या वेळी आभाळ जरा निळं होतं,
विसळलेल्या दौतीसारखं,
आणि पुन्हा मिटतं.
खिडकीतून बघून वेळ ओळखायची सोय नाही :
या चारलाही बंदरावरचे दिवे, त्या चारलाही तेच,
तोच बर्फ, शेजारच्या ओड्वारची ताडपत्रीखालची तीच होडी.
तिच्या भिंतीवरचं घड्याळ खोटं बोलत नाही.
अर्धंच सांगतं.

आमच्या नोंदवहीत असं चालत नाही.
०७.४० इन्सुलिन.
१३.१५ जेवण. मासा खाल्ला, बटाटे तसेच.
२१.०५ गोळी दिली, दार ओढून पाहिलं.
आकडा एकदा येऊन गेला की त्या दिवशी परत फिरकत नाही.
पालिकेकडून मी तिलाही तसलं घड्याळ आणून दिलं,
लाल आकड्यांचं.
तिनं त्यावर विणलेला रुमाल टाकला,
रात्री पिंजऱ्यावर टाकतात तसा.

"सतरा कधी वाजतात का गं?
मोज टोले. बारापुढे कुठलं घड्याळ गेलंय?
तोरलाइफ बोलायचा तसं. बोटीवरचा रेडिओ त्याच्याकडे होता ना.
लग्नाची वेळ सांगताना म्हणाला, चौदा शून्य शून्य.
माझी आई रडत होती, ती हसायला लागली.
मी आपली साडेतीनला अर्धे चार म्हणणारी,
आजीसारखी, न आलेल्या चारातले अर्धे आधीच उचलून.
त्याचे पंधरा आणि माझे तीन
बेचाळीस वर्षं एका किटलीतली कॉफी प्यायले."

तोरलाइफ मार्चमध्ये गेला. रात्रपाळी माझीच होती.
तीन वाजून दहा मिनिटं.
तेव्हापासून तिचं तीनाशी वाकडं.
दुपारी काटा तिथवर आला की ती किटली खाली उतरवते,
न्हाणीघरात जाऊन नळ सोडते,
सव्वातीनपर्यंत.
मला वाटायचं, कपडे धुते.

परवा गोळ्यांची चिठ्ठी शोधताना
खणातून दाखला निघाला.
तिचा चष्मा सापडेना, मीच वाचला.
नाव. जन्मगाव. वेळ ०३.१०.

"परत वाच."
शून्य तीन दहा.
"मग पंधरा दहाला?"
पंधरा दहाला काहीच झालं नव्हतं, बोर्गहिल.

बाहेर बर्फ काढायची गाडी आली,
तिचा पिवळा दिवा भिंतीवरून दोनदा फिरला,
घड्याळावरून, आमच्यावरून, आणि निघून गेली.

"म्हणजे माणूस गेला एकदाच," ती म्हणाली,
"आणि मी मेली
रोज दोनदा पोचवून येते त्याला."

काल गेले तर रुमाल घडी होऊन कपाखाली.
भिंतीवरचं घड्याळ चालूच, त्याला हात लावायची हिंमत मला नाही.
"किती झाले?"
तीनला दोन कमी.
"नीट सांग."
चौदा अठ्ठावन्न.
मग तिनं शेगडी लावली.
पाण्याला उकळी येईपर्यंत न्हाणीघराच्या दाराकडे
एकदा बघितलं तिनं, एकदाच,
आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.

मी नोंद केली : १५.१०. कॉफी. दोन कप.
या रकान्यात खरं तर कॉफी लिहायची नसते.

०३.१० ची नोंद माझ्याकडे नाही.
तेव्हा तिच्या खिडकीत दिवा असतो,
असं ओड्वार म्हणतो.